कोऱ्या कागदावरची माझी सही

आयुष्यातली माझी पहिली खरी सही मी पोलिसांच्या कागदावर केली. त्याआधी पाटीवर, वहीवर, भिंतीवर कोळशानं, अगदी नुकत्याच सारवलेल्या ओटीवर बोटानंसुद्धा शेकडो सह्या करून झाल्या होत्या, पण त्या सगळ्या सरावाच्या. पहिली कामाची सही ती. आणि ती अशी केली, की पुढं चार वर्षं माझं जेवण गोड लागलं नाही. पण थांबा, आधीचं आधी सांगते, नाहीतर माझं नेहमी असं होतं, शेवट आधी सांगून बसते.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. नव्वदच्या पुढं आमच्याकडं साक्षरतेचे वर्ग आले. दुपारची भांडी झाली की आम्ही बायका समाजमंदिरात जमायचो. शिकवायला येणारी ताई बारावी झालेली, माझ्या पोरीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "अगो, माझी चाळिशी उलटली, आता या डोक्यात काय शिरनार?" ती म्हणाली, "काकी, भात लावताना किती रोपांचा चूड, किती ओळी, सगळा हिशोब डोक्यात असतो ना? मग बावन्न अक्षरं काय जड आहेत?" झालं. मला चढवलं की मी चढते. सहा महिन्यांत मी वाचायला लागले आणि मग काय विचारता, जे दिसेल ते वाचायचं. एसटीच्या पाट्या, खताच्या गोण्या, साबणाचा कागद, लग्नाच्या पत्रिका. आमचे हे वैतागायचे. "अगो, गप बसून वाच," म्हणायचे. मला गप बसून वाचता येत नसे. अजून येत नाही.

तर थंडीचे दिवस होते. भात झोडून घरात आलेलं, वालाच्या शेंगा सुरू झालेल्या. आम्ही बायका जीपनं धसईच्या बाजाराला निघालो होतो. सोबत माझी मैत्रीण होती, वरच्या डोंगरातल्या वाडीवरची. ती लावणीला आमच्याकडं यायची, तेव्हापासूनची ओळख. तिची घरची बोली वेगळी, माझी वेगळी, पण एकमेकींचं बोलणं पुरं व्हायच्या आधी आम्हाला कळायचं. तिच्याकडं पाच लिटरचा पांढरा डबा होता, मोहाच्या बियांच्या तेलाचा. वाडीवरच्या बायका पावसाच्या तोंडाला बिया गोळा करतात, वाळवतात, त्याचं तेल गाळून घेतात. भाजीला चालतं, अंगाला चालतं. आणि थंडीत ते तुपासारखं थिजतं, हे लक्षात ठेवा.

फाट्यावर पोलिसांची गाडी उभी. कुठल्या ठाण्याची ते मी सांगत नाही, त्यानं काही बिघडत नाही. हवालदारानं हात केला. "उतरा, उतरा सगळे. चेकिंग आहे."

"कसलं चेकिंग, साहेब?" जीपवाल्यानं विचारलं.

"तू तुझं लायसन काढ."

आम्ही उतरलो आणि कुणी न सांगता पिशव्या उघडल्या. खरं सांगते, तेव्हा आमची तशी सवयच होती. खाकी दिसली की पिशवी उघडायची. कुणाचे तांदूळ सांडले, कुणाच्या शेंगा रस्त्यावर गेल्या, त्या आम्ही हसत हसत वेचल्या. कशाला उघडायची, हे विचारायचं असतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हवालदार माझ्या मैत्रिणीच्या डब्याशी आला. "काय आहे यात?"

"तेल हाय, साहेब. मोहाचं."

"मोहाचं? सरळ दारू म्हण की."

"दारू नाय वो. बियांचं तेल. भाजीत घालतो आमी."

त्यानं झाकण काढलं आणि डबा रस्त्यावर उलटा केला. एक थेंब पडला नाही. तेल आत घट्ट थिजलेलं! तो बघतोय डब्याकडं, डबा बघतोय त्याच्याकडं. मागनं कुणीतरी म्हणालं, "साहेब, जरा हलवून बघा!" आणि आम्ही दहा-अकरा जणी अशा हसलो, अशा हसलो, की जीपवालाही हसायला लागला.

तिथंच चुकलं. त्याचं तोंड लाल झालं. "आणखी काय लपवलंयस?" म्हणत त्यानं सरळ माझ्या मैत्रिणीच्या ओच्याला हात घातला. तिथं ती पानतंबाखूची चंची खोचायची. तिनं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"हात नाय लावायचा! तुझ्या आईच्या ओच्याला असाच हात घालतोस का रे?"

"सरकारी माणसावर हात उचलतेस? बस गाडीत!"

तिला ओढतच गाडीत बसवलं, डबाही उचलला. आमचं हसू कुठल्या कुठं गेलं. आम्ही "अहो साहेब, अहो दादा" करतोय, तो ऐकेना. मग त्यानं बॉनेटवर एक कागद ठेवला आणि शाईचा पॅड काढला. "दोन पंच पाहिजेत. या दोघीजणी पुढं, अंगठे द्या."

आता बघा हं, माझी गंमत. गंमत कसली, माझा मूर्खपणा. मैत्रीण पोलिसांच्या गाडीत बसलेली, आणि मला राग कशाचा आला? अंगठा म्हणाल्याचा! मी तरातरा पुढं गेले. "अंगठा कशाला? आमाला सही येते!" माझी चुलतजाऊ माझ्या मागून, "मला पन येते! मला पन!" तिनं तर मला कोपरानं ढकललं, आधी आपली व्हावी म्हणून.

हवालदार बघतच राहिला. पॅड खिशात, पेन बाहेर. "इथं खाली करा. वरचं मी नंतर सावकाश लिहितो, तुमच्या बाजाराचा खोळंबा नको." कागद पांढरास्वच्छ. मी खाली सही केली, शेवटची रेघ अशी ओढली, की वर्गातल्या ताईनं पाठ थोपटली असती. मग त्यानं चार लहान चिठ्ठ्या दिल्या, त्यांवरही केल्या. तो म्हणाला, "वा मावशी, काय वळणदार अक्षर आहे!" अहो, मी लाजले हो!

गाडीतनं माझी मैत्रीण ओरडली, "काय लिवतेस गो?"

मी हात हलवून सांगितलं, "तुझ्यासाठीच सही करते! साक्षीदार म्हनून!" मला वाटलं, हिनं काही केलेलं नाही याला आपण साक्ष देतोय. साक्षीदार म्हणजे चांगलाच असणार, नाही का? त्या दिवशी धसईच्या बाजारात मी भेटेल तिला सांगत होते, पोलिसांना सही दिली म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिला जामीन मिळाला. वाडीवर जाताना ती माझ्या अंगणात उभी राहिली, ओटीवर आली नाही. "पाच लिटर दारू सापडली म्हनत्यात माज्याकडं. आन् खाली तुजी सही हाय." एवढंच बोलली आणि चढ चढून निघून गेली.

मी धावत समाजमंदिरात गेले. ताईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "काकी, सहीच्या वर काय लिहिलं होतं?"

"काय नाय. कोरा होता."

ती पोर मटकन खालीच बसली. तिचा चेहरा मी विसरले नाही. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून बायकांच्या कायद्याचं एक पातळ पुस्तक काढलं आणि मलाच वाचायला लावलं. मी बोट ठेवून वाचत गेले आणि माझे कान तापत गेले. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, तीही मर्यादा राखून. अंगावरचं काही काढून घेतलं तर त्याची पावती द्यायची. पंचानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, लिहिलेलं वाचायचं, पटलं तर सही करायची. म्हणजे त्या रस्त्यावर त्या माणसाला तिच्या ओच्याला हात लावायचा हक्कच नव्हता. आणि ते लिहिलेलं होतं हो! छापलेलं! मी साबणाचा कागद वाचत बसले आणि हे कुणी मला दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मैत्रीण माझ्याकडं लावणीला आली नाही. शेजारच्या शेतात यायची, बांधावरून जायची, पण माझ्याकडं बघायची नाही. दर काही महिन्यांनी तिला तालुक्याला तारखेला जावं लागे. दिवसाची मजुरी बुडायची, डोंगर उतरून जायचं, दिवसभर कोर्टाच्या पायरीवर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. चार वर्षं. माझ्या एका सहीपायी. आणि गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, हे ताईनं सांगून ठेवलेलं.

मग एक दिवस मला समन्स आलं. चुलतजाऊ तोवर पोराकडं भिवंडीला राहायला गेली होती, तिचं समन्स तिला न पोचताच परत गेलं. म्हणजे पंच राहिले मी एकटी. त्याच आठवड्यात हवालदार घरी आला. साध्या कपड्यात, हसतमुख. आमच्या यांनी घाईघाईनं खुर्ची दिली, मला चहा टाकायला लावला.

"मावशी, काही अवघड नाही. साहेब विचारतील, सही तुमची का? हो म्हणायचं. पंचनामा तुमच्यासमोर झाला का? हो म्हणायचं. दोन वेळा हो, की घरी."

"मला तो पंचनामा वाचायला द्या," मी म्हटलं.

तो हसला. "वाचून काय करणार? कायद्याची भाषा असते ती."

"मला वाचता येतं."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि हसायचा थांबला. "तुमचं अक्षर वळणदार आहे." चहा अर्धा ठेवून गेला.

आमचे हे घाबरले. "पोलिसांशी वाकडं घेऊन आपन जगनार हाव का? पोराचं नोकरीचं चाललंय, उद्या दाखला लागंल पोलिसांचा."

"आनि ती तुरुंगात गेली तर? तेवा तुमाला जेवन जाईल?"

"मला जाईल," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुला नाय जानार. तू मला पन जेवू देनार नाय." तीच त्यांची परवानगी.

कोर्टाच्या आदल्या दिवशी मी वाडीवर चढून गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. ती दारात सूप घेऊन नागली पाखडत होती. वर बघितलं, पुन्हा पाखडायला लागली.

"उद्या कोर्टात जाते," मी म्हटलं.

"जा की. आनखी एक सही करून ये."

"खरं सांगायला जाते गो."

"चार वर्सं कुटं होतं खरं?"

मी तिथंच बसून राहिले. तिनं पाखडणं संपवलं आणि म्हणाली, "सकाळच्या पयल्या गाडीला ये. उशीर करू नको, तुला नेमी उशीर होतो."

पहिल्या गाडीला मी तिच्याआधी उभी होते!

खोटं कशाला बोलू, कोर्टात आतून एक ऊर्मी येत होती. पुकारा झाला तशी मी साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. न्यायाधीश साहेब तरुण होते, चष्म्याचे. शपथ झाली. समोर आरोपीच्या कठड्यात माझी मैत्रीण, बाकावर हवालदार कडक इस्त्रीत. सरकारी वकिलांनी कागद माझ्यापुढं धरला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"या चिठ्ठ्यांवरच्या?" एक सीलबंद बाटली होती, तिच्यावर माझी चिठ्ठी चिकटवलेली. आत पाण्यासारखं काहीतरी. ती बाटली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"सह्या माझ्या. बाटली बगितली नाय कधी."

वकिलांनी मान वर केली. "पंचनामा तुमच्यासमोर झाला ना?"

"मला वाचू द्या, मग सांगते."

"तुम्ही फक्त हो किंवा नाही..."

साहेब म्हणाले, "वाचू द्या त्यांना."

आणि मी वाचायला लागले. मोठ्यानं! मला गप बसून वाचता येत नाही, सांगितलंच ना. बोट ठेवून, एकेक शब्द. अख्खं कोर्ट थांबलं. पंखा खडखडत होता, बाहेरचे लोक दारात येऊन उभे राहिले. "आम्ही पंच... समक्ष हजर असताना... महिला पोलीस शिपाई हिच्यामार्फत... सदर महिलेची अंगझडती... मर्यादा राखून..." मी थांबले. "साहेब, हितं पयली थाप. बाई पोलीस नव्हतीच तिथं. यांनीच ओच्याला हात घातला." हवालदार उठायला लागला, साहेबांनी नुसतं बघितलं, तो बसला. मी पुढं वाचलं. "पांढऱ्या डब्यात... उग्र वासाचा द्रव पदार्थ... बाटलीत ओतून घेतला..." मला हसूच आलं. "ओतून? साहेब, यांनी डबा रस्त्यावर उलटा केला तवा थेंब पडला नाय. थंडीचं तेल थिजलेलं होतं. दारू थिजते का वो?"

दारातले लोक हसले. शिपाई "शांतता" म्हणाला आणि स्वतःच तोंड फिरवून हसला.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, साक्षीदार फितूर जाहीर करावा."

"फितूर?" माझं डोकंच फिरलं. "फितूर कोन? मी कुनाला फितूर झाले?" साहेबांनी समजावलं, की तो कोर्टातला शब्द आहे, मनावर घेऊ नका. पण मी घेतला. अजून घेते.

मग त्या वकिलांनी मला असं कोंडीत पकडलं, की विचारू नका. "आरोपी तुमची मैत्रीण आहे?" आहे. "तिला वाचवायचं आहे?" आहे. "मग तुम्ही खोटं बोलताय." नाय. "तुम्हाला तेव्हा वाचता येत होतं?" येत होतं. "मग न वाचता सही कशी केली?"

हा प्रश्न मी चार वर्षं भाकरी थापताना, भात काढताना स्वतःला विचारला होता. कठड्यातून ती माझ्याकडं बघत होती.

"वाचन्यासारखं काय नव्हतं त्यावर, कागद कोरा होता," मी म्हटलं. "आनि साहेब, मला नवीनच सही यायला लागली होती. यांनी अंगठा मागितला तर मला अपमान वाटला. मी सही करते म्हनून पुढं झाले. कोऱ्यावर करू नये, हे मला कळायला पायजे होतं. नाय कळलं. सही करायच्या आनंदात केली मी."

कोर्टात कुणीच हसलं नाही. साहेब खाली बघून लिहीत होते, बराच वेळ. मग आमच्या बाजूच्या वकिलांनी, सरकारनंच दिलेले होते ते, फुकटचे, हवालदाराला उभं केलं आणि विचारलं, त्या दिवशी फाट्यावर नेमलेल्या बाई पोलिसाचं नाव सांगा. तो म्हणाला, आठवत नाही. मग त्या दिवसाची ड्यूटीची नोंद मागवली. पुढच्या तारखेला ती आली. तीन माणसं नेमलेली, तिन्ही पुरुष.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. निर्दोष! साहेबांनी तिला जवळ बोलावून साध्या भाषेत सांगितलं, "तुमच्यावर गुन्हा शाबीत झाला नाही. तुम्ही मोकळ्या आहात."

ती हलेना. "आन् माजं तेल?"

साहेबांना कळेना. तिनं सांगितलं, बाटली त्यांची ठेवा, डबा माझा होता, पाच लिटरचा, भरलेला. शोधाशोध झाली. डबा मुद्देमालात नव्हताच. साहेबांनी तेही लिहून घेतलं आणि हवालदाराकडून खुलासा मागवला. खुलाशाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. डबा काही आला नाही.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "चल, भजी खाऊ." तीच मला ओढत जीपकडं घेऊन गेली. "भजी नको. आत्ता फाट्यावरून जायचं. मला थांबवू देत. आज इचारते मी, बाई पोलीस कुटाय, पंच कुटाय, पावती कुटाय." हे तिला ताईनं वाडीवर जाऊन शिकवलेलं, आणि कोर्टाच्या पायरीवर बसून तिनं चार वर्षं घोटलेलं. जीपमधल्या बायकांनाही तिनं तेच शिकवायला घेतलं. "सगळ्यांनी एकदम इचारायचं. पिशवी उघडायची नाय!" फाटा येईपर्यंत सगळी जीप तयार. मी पदर खोचून बसले. मला वाटत होतं, जणू मी लग्नाच्या वरातीतच आहे.

फाट्यावर पोलीस होते. दोन होते, नवीनच. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, जा, जा.

"थांबव!" ती जीपवाल्यावर ओरडली. "थांबव रे गाडी!"

"अगो, ते जा म्हनतात!"

"ते म्हनू दे!"

जीप थांबली. ती उतरली, पदर सावरला, ताठ चालत त्या पोलिसाच्या समोर जाऊन उभी राहिली. तो गडबडून गेला. "काय झालं, मावशी?"

"आज झडती नाय?"

"नाही. जा तुम्ही."

"का नाय?"

तो आमच्या जीपकडं बघायला लागला. आम्ही अकरा जणी बाहेर डोकं काढून त्याच्याकडं बघत होतो. "मावशी, काही संशय असल्याशिवाय उगाच कशाला कुणाला थांबवायचं?" तो म्हणाला.

तशी ती मागं वळून मला म्हणाली, "ऐकलंस ना गो? लिवून घे, तारीख टाकून."

मी पिशवीतून वही काढली आणि जीपच्या फळीवर ठेवून त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली त्याची सही मागितली. त्यानं आधी ते वाचलं, नीट, दोनदा, आणि सही केली नाही.